विमाने वाहणाऱ्या जपानी उभयचर जहाजांची वर्गवारी कशी करावी

ऑक्टोबर १९४३ मध्ये मुरगाव बंदरात तेइआ मारू नावाचे एक जपानी प्रवासी जहाज येऊन थांबले होते. गोवा तेव्हा पोर्तुगिजांच्या अमलाखाली होता आणि पोर्तुगाल युद्धात तटस्थ होता, म्हणून युद्धामुळे शत्रूच्या प्रदेशात अडकलेल्या नागरिकांच्या अदलाबदलीसाठी जपान आणि अमेरिका यांनी हे बंदर निवडले. ग्रिप्सहोल्म या स्वीडिश जहाजातून आलेले जपानी नागरिक तेइआ मारूवर गेले आणि तेइआ मारूवरचे अमेरिकी व अन्य नागरिक ग्रिप्सहोल्मवर आले. या घटनेचा माग काढणारा गोव्यातील अभ्यासक पुढच्या वर्षीच्या नोंदी उघडतो तेव्हा त्याच्यासमोर वर्गवारीचा एक अवघड प्रश्न उभा राहतो. ऑगस्ट १९४४ मध्ये तेइआ मारू एचआय-७१ नावाच्या काफिल्यातून चालले होते. फिलिपिन्समधील लुझॉन बेटाजवळ अमेरिकी पाणबुड्यांनी हा काफिला गाठला. १८ ऑगस्टच्या रात्री रॅशर पाणबुडीने तेइआ मारू बुडवले, त्याच रात्री ताइयो बुडाली, आणि १९ तारखेच्या पहाटे स्पेडफिश पाणबुडीच्या टॉर्पेडोंनी तामात्सु मारू बुडून साडेचार हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. यांपैकी एक जहाज सैन्य वाहणारे माजी प्रवासी जहाज होते, दुसरी नौदलाची विमानवाहू नौका होती, आणि तिसरे भूदलाने किनाऱ्यावर सैन्य उतरवण्यासाठी मुद्दाम बांधून घेतलेले जहाज होते. यादीत मात्र ही तिन्ही नावे शेजारीशेजारी येतात, आणि पुष्कळ हौशी संग्रहांत ती एकाच शीर्षकाखाली जाऊन बसतात.

छायाचित्रांचा संग्रह लावणारे, जहाजांच्या प्रतिकृती बनवणारे, शाळेतील प्रदर्शनासाठी तक्ते तयार करणारे किंवा ग्रंथालयासाठी विषयसूची करणारे यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. जपानच्या ज्या युद्धकालीन जहाजांवर सैन्य उतरवण्याच्या बोटीही होत्या आणि विमानेही होती, त्यांची नोंद कोणत्या क्रमाने तपासावी आणि कोणत्या कप्प्यात ठेवावी, एवढाच त्याचा विषय आहे. सपाट माथ्याचे जहाज दिसले की त्याला विमानवाहू नौका म्हणण्याची सवय फार खोलवर गेलेली आहे, आणि वर्गवारीतील बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतात. म्हणून बाह्यरूपाचा विचार सर्वांत शेवटी करावा.

पहिला प्रश्न मालकीचा. जहाज भूदलाचे होते की नौदलाचे, हे ठरल्याशिवाय पुढे जाऊ नये. भारतीय वाचकाला हा प्रश्न चमत्कारिक वाटतो, कारण समुद्रावरचे लढाऊ जहाज नौदलाचेच असणार असे आपण गृहीत धरतो. जपानमध्ये तसे नव्हते. समुद्रापलीकडे सैन्य नेणे आणि शत्रूच्या किनाऱ्यावर उतरवणे ही जपानी भूदलाने आपली स्वतःची जबाबदारी मानली होती. हिरोशिमाजवळच्या उजिना बंदरात भूदलाची जहाज-वाहतुकीची यंत्रणा होती, बोटी चालवणाऱ्या अभियंत्यांच्या तुकड्या भूदलाच्याच होत्या, आणि पुढे तर भूदलाने स्वतःच्या मालवाहू पाणबुड्याही बांधल्या. नौदल आपल्या मोठ्या नौकांसाठी साधनसामग्री राखून ठेवणार आणि सैन्य उतरवण्याच्या कामाला दुय्यम मानणार, ही भूदलाची धारणा होती. ती निराधार नव्हती. या दोन दलांतील चुरशीचा परिणाम म्हणूनच विमाने वाहणारी भूदलाची जहाजे हा जगात इतरत्र जवळजवळ न आढळणारा प्रकार जन्माला आला. जी वर्गवारी मालकीचा रकाना वगळते, ती या साऱ्या प्रकारामागचे कारणच पुसून टाकते.

मालकी ठरवताना जपानी जहाजांच्या नावांमागे जोडल्या जाणाऱ्या ‘मारू’ या शब्दावर विसंबू नये. नौदलाच्या मूळ युद्धनौकांना ‘मारू’ लावत नसत हे खरे, पण नौदलाने ताब्यात घेतलेल्या व्यापारी जहाजांची नावे मारू म्हणूनच चालू राहत. ताइयोचे उदाहरण घ्यावे. ती आधी कासुगा मारू होती, विमानवाहू नौका म्हणून काम करू लागल्यावरही काही काळ तेच नाव चालले, आणि ऑगस्ट १९४२ मध्ये तिला युद्धनौकेचे नाव मिळाले. उलट शिमाने मारू शेवटपर्यंत मारूच राहिली, तरी ती नौदलाच्या कामासाठी होती. म्हणजे ‘मारू’ असलेले जहाज भूदलाचे असू शकते, नौदलाचे असू शकते किंवा निव्वळ व्यापारी असू शकते. ‘मारू’ नसलेले जहाज मात्र बहुधा नौदलाचेच असते, एवढा एकतर्फी निष्कर्ष काढता येतो.

दुसरा प्रश्न जहाजाच्या पोटाचा. त्यात बोटी होत्या का, आणि त्या समुद्रात सोडण्याची खास रचना होती का? जपानी भूदलाची मुख्य बोट म्हणजे दाइहात्सु. सुमारे साडेचौदा मीटर लांबीची ही बोट सत्तरएक सैनिक किंवा दहाएक टन माल घेऊन किनाऱ्याला लागे आणि तिचा पुढचा भाग खाली पडून उतरण्यासाठी फळी तयार होई. रायबंदर ते चोडण फेरीबोटीने गेलेल्या कोणालाही ही रचना समजावून सांगावी लागणार नाही. धक्क्याला लागताच फेरीबोटीचे तोंड खाली येते आणि दुचाक्या थेट रस्त्यावर उतरतात, तशीच ती. १९३७ मध्ये शांघाय येथे अमेरिकी मरीन दलातील व्हिक्टर क्रूलॅक या तरुण अधिकाऱ्याने या बोटी पाहिल्या, त्यांची छायाचित्रे घेतली आणि अहवाल पाठवला होता.

एखाद्या जहाजावर दोनचार दाइहात्सु टांगलेल्या दिसल्या म्हणून ते उभयचर, म्हणजे सैन्य समुद्रातून किनाऱ्यावर उतरवण्यासाठी खास बांधलेले, जहाज ठरत नाही. साध्या मालवाहू जहाजांवरही त्या डेकवर ठेवून नेत आणि क्रेनने पाण्यात सोडत. या क्रेनच्या कामाला वेळ लागतो, भरतीच्या लाटांत बोट हेलकावते, आणि किनाऱ्यावरच्या तोफांसमोर जहाज ताटकळत उभे राहते. भूदलाच्या खास जहाजांत ही अडचण मुळातूनच दूर केली होती. बोटी जहाजाच्या आतल्या डेकवर रांगेने ठेवलेल्या असत, सैनिक आतच त्यांत बसत, आणि जहाजाच्या मागच्या बाजूचा दरवाजा उघडून बोटी रुळांवरून एकामागून एक समुद्रात सोडल्या जात. हा मागचा दरवाजा आणि त्याच्याशी जोडलेला बोटींचा डेक या वर्गाची खरी खूण आहे. ती असेल तर जहाज बोटीवाहू मानावे, मग त्याच्या माथ्यावर काहीही असो. ती नसेल तर उभयचर हा शब्द त्याच्या नोंदीत येऊ देऊ नये.

तिसरा प्रश्न विमानांचा आहे, आणि त्यावर अधिक वेळ द्यावा. विमान आणि जहाज यांचे नाते तीन प्रकारचे असू शकते. विमान निव्वळ माल म्हणून नेले जाते आणि बंदरात क्रेनने उतरवले जाते; किंवा ते जहाजावरून उडते पण परत येऊ शकत नाही; किंवा ते उडते आणि त्याच डेकवर उतरतेही. शेवटच्या दोन गोष्टी एकच आहेत असे समजणे ही या विषयातील सर्वांत मोठी गफलत होय. दाबोळीच्या आयएनएस हंस तळावर विमानवाहू नौकेच्या डेकसारखी रचना किनाऱ्यावर उभारलेली आहे, तिच्यावर उड्डाणासाठी चढती स्की-जंप धावपट्टी आहे आणि उतरणाऱ्या विमानाला अडकवून थांबवण्यासाठी अरेस्टर तारा आहेत. तेजसच्या नौदल आवृत्तीने तिथल्या स्की-जंपवरून पहिले उड्डाण २० डिसेंबर २०१४ रोजी केले आणि तारेला अडकून पहिली उतरण १३ सप्टेंबर २०१९ रोजी केली. एवढ्या अंतराने साध्य होणाऱ्या या दोन क्षमता जुन्या जहाजांच्या नोंदीत एका शब्दात कोंबल्या, तर जहाजाचे काम काय होते तेच कळेनासे होते. म्हणून नोंदपत्रावर विमानांसाठी एकच रकाना न ठेवता ‘वाहतूक’, ‘उड्डाण’ आणि ‘उतरण’ असे तीन रकाने ठेवावेत आणि प्रत्येकात होय किंवा नाही लिहावे.

शिन्शू मारू या कसोटीवर तपासून पाहावे. हारिमा गोदीत बांधलेले हे जहाज १९३४ मध्ये तयार झाले. बोटी वाहून नेऊन समुद्रात सोडण्यासाठीच आखलेले ते पहिले मोठे जहाज, आणि नंतरच्या सर्व उभयचर जहाजांचा विचार इथूनच सुरू करावा लागतो. त्याला लांब उड्डाण डेक नव्हता. मधल्या उंच, पेटीसारख्या बांधणीत हँगर होते आणि विमाने कॅटापल्टवरून हवेत फेकण्याची योजना होती. त्यांनी किनाऱ्यावर उतरणाऱ्या सैनिकांना आधार द्यायचा आणि नंतर जमिनीवर ताब्यात आलेल्या धावपट्टीवर उतरायचे, अशी कल्पना होती. पुढे कॅटापल्ट काढून टाकले गेले. म्हणजे या जहाजाच्या नोंदीत ‘उड्डाण: होय’ हे फक्त सुरुवातीच्या काळासाठी लिहिता येते, आणि ‘उतरण: नाही’ हे सर्व काळासाठी. त्याला विमानवाहू नौका म्हणणे चूक आहे. कॅटापल्ट असलेले बोटीवाहू जहाज हेच त्याचे योग्य वर्णन होय.

अकित्सु मारू आणि निगित्सु मारू यांनी सर्वांना अधिक गोंधळात टाकले आहे. भूदलाच्या खास जहाजांच्या आखणीत कोऊ, ओत्सु आणि हेई असे प्रकार होते. मायासान मारू आणि तामात्सु मारू ही कोऊ प्रकारातील. बाहेरून ती साध्या मालवाहू किंवा प्रवासी जहाजांसारखी दिसत. अकित्सु आणि निगित्सु ही हेई प्रकारातील, म्हणजे माथ्यावर सलग उड्डाण डेक असलेली. अकित्सु मारू जानेवारी १९४२ मध्ये आणि निगित्सु मारू मार्च १९४३ मध्ये कामावर आले. आत बोटींचा डेक, मागे दरवाजा, वर सपाट माथा, आणि बाजूला सरकवलेला जहाज चालवण्याचा कक्ष व धुराडे पाहून दुरून कोणीही त्यांना छोटी विमानवाहू नौका समजेल. पण आरंभी या डेकवरून विमाने उडू शकत होती, उतरू शकत नव्हती. डेक आखूड होता, अरेस्टर तारा नव्हत्या, आणि भूदलाच्या वैमानिकांकडून जहाजावर उतरण्याची अपेक्षाही नव्हती. प्रत्यक्षात या जहाजांचा उपयोग बहुतांशी सैन्य, सामान आणि विमाने नेण्यासाठीच झाला. निगित्सु मारूच्या नोंदीत यापुढे भर घालण्यासारखे काही नाही. १२ जानेवारी १९४४ रोजी हेक पाणबुडीने ते बुडवले.

अकित्सु मारूला मात्र दुसरा जन्म मिळाला, आणि त्यामुळे चौथा प्रश्न पुढे येतो: नोंद कोणत्या तारखेची आहे? १९४४ मध्ये अमेरिकी पाणबुड्यांनी जपानच्या वाहतुकीचा गळा आवळला होता. त्या वर्षी अकित्सु मारूचा डेक रुंद करून त्यावर अरेस्टर तारा बसवण्यात आल्या, आणि पाणबुड्यांवर नजर ठेवण्यासाठी की-७६ हे हळू उडणारे, फार थोड्या जागेत उतरू शकणारे हलके विमान त्यावर ठेवले गेले. हे विमान एरवी भूदलाचे टेहळणीचे आणि तोफखान्याला निशाणा दाखवण्याचे विमान. या फेरबदलानंतर अकित्सु मारूसाठी ‘उतरण: होय’ लिहावे लागते. म्हणून या एकाच जहाजाची दोन नोंदपत्रे करावीत, एक १९४२ पासून फेरबदलापर्यंतचे आणि दुसरे फेरबदलापासून बुडण्यापर्यंतचे, आणि दोन्हींवर एकमेकांचा उल्लेख करावा. एकच नोंदपत्र ठेवायचे असेल तर कालखंडाच्या रकान्याशिवाय विमानांचे रकाने भरूच नयेत. कप्पा मात्र बदलत नाही. डेकवर विमान उतरू लागले तरी पोटातल्या बोटी आणि मागचा दरवाजा कायम होता, मालकी भूदलाचीच होती, आणि शेवटच्या सफरीतही ते सैन्यच घेऊन निघाले होते.

त्या शेवटच्या सफरीचा काफिला वर्गवारीच्या सरावासाठी उत्तम आहे. एचआय या नावाचे काफिले जपान आणि सिंगापूर यांच्या दरम्यान चालत. नोव्हेंबर १९४४ मधील एचआय-८१ काफिल्यात अकित्सु मारू होते, मायासान मारू होते आणि शिन्यो ही विमानवाहू नौकाही होती. १५ नोव्हेंबरला गोतो बेटांजवळ क्वीनफिश पाणबुडीने अकित्सु मारू बुडवले आणि दोन हजारांहून अधिक माणसे गेली. १७ नोव्हेंबरला मायासान मारू पिकुडा पाणबुडीकडून आणि शिन्यो स्पेडफिशकडून बुडाली. आता आपले चार प्रश्न लावून पाहावेत. मायासान मारू भूदलाचे, बोटीवाहू, उड्डाण डेक नसलेले. अकित्सु मारू भूदलाचे, बोटीवाहू, उड्डाण डेक असलेले आणि त्या तारखेला विमान उतरवू शकणारे. शिन्यो नौदलाची, बोटींची रचना नसलेली, विमाने उडवणारी आणि उतरवणारी. ती मुळात शार्नहोर्स्ट नावाचे जर्मन प्रवासी जहाज होती आणि काफिल्याचे रक्षण हेच तिचे काम होते. शिन्यो आणि अकित्सु मारू यांचे दुरून काढलेले छायाचित्र शेजारी ठेवले तर माथे सारखेच सपाट दिसतील. कामे अगदी वेगळी होती, आणि कप्पेही वेगळेच असले पाहिजेत.

कुमानो मारू हे या घराण्यातील शेवटचे. युद्धाच्या उतरत्या काळातील सोप्या बांधणीचे हे हेई प्रकाराचे रूप ३१ मार्च १९४५ रोजी पूर्ण झाले, तेव्हा इंधन नव्हते, समुद्र सुरुंगांनी भरला होता आणि उतरायला परका किनारा उरला नव्हता. ते युद्धातून वाचले आणि नंतर परदेशांत राहिलेल्या जपान्यांना मायदेशी आणण्याच्या कामी आले. या जहाजाच्या बाबतीत ‘आखणी’ आणि ‘प्रत्यक्ष उपयोग’ हे दोन रकाने वेगळे ठेवणे फार आवश्यक आहे, कारण त्याची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत त्यांत युद्धोत्तर काळातील छायाचित्रांचा भरणा असतो आणि त्यांवरून त्याचा युद्धकालीन वापर ठरवणे धोक्याचे आहे.

आता एक कप्पा असा आहे जो बोटीवाहू जहाजांच्या शेजारी ठेवावा पण त्यांत मिसळू नये. १९४४ पासून तेलवाहू जहाजांच्या सांगाड्यावर उड्डाण डेक घालून काफिल्याचे स्वतःचे हवाई संरक्षण उभे करण्याचा प्रयत्न दोन्ही दलांनी केला. भूदलाचे यामाशियो मारू जानेवारी १९४५ मध्ये पूर्ण झाले आणि फेब्रुवारीतच योकोहामा येथे हवाई हल्ल्यात नष्ट झाले. त्याचे जोडजहाज चिगुसा मारू युद्धकाळात पूर्णच झाले नाही. नौदलाची शिमाने मारू फेब्रुवारी १९४५ मध्ये तयार झाली आणि २४ जुलै १९४५ रोजी ब्रिटिश विमानांनी तिला शिकोकू किनाऱ्याजवळ उद्ध्वस्त केले. यामाशियो मारू भूदलाचे होते, त्यावर उड्डाण डेक होता, आणि त्यामुळे अनेक याद्यांत ते अकित्सु मारूच्या पंक्तीला बसवलेले दिसते. पण त्याच्या पोटात बोटी नव्हत्या, तेल होते. दुसरा प्रश्न पहिल्या प्रश्नाइतकाच काटेकोरपणे विचारला तर ही चूक होत नाही. यामाशियो मारूसाठी ‘भूदलाची संरक्षक तेलवाहू जहाजे’ असा छोटा स्वतंत्र कप्पा करावा, आणि शिमाने मारू नौदलाच्या संरक्षक विमानवाहू नौकांत ठेवून दोन्हींना परस्पर संदर्भ द्यावा.

दुसऱ्या टोकाला नौदलाची अशी जहाजे आहेत ज्यांनी सैन्य आणि रणगाडे वाहिले आणि विमानेही बाळगली, पण ती या वर्गातील नव्हेत. निश्शिन ही सीप्लेन, म्हणजे पाण्यावरून उडणारी आणि पाण्यावर उतरणारी विमाने, वाहणारी नौका १९४२ मध्ये ग्वाडलकनालला अवजड तोफा पोहोचवण्यासाठी वापरली गेली आणि २२ जुलै १९४३ रोजी बूगनव्हिलजवळ बुडाली. तिने जो माल वाहिला तो तिच्या ‘उपयोग’ रकान्यात लिहावा. तिचा कप्पा सीप्लेनवाहू नौकांचाच राहतो. चितोसे आणि चियोदा यांचा मार्ग आणखी वेगळा. त्याही सीप्लेनवाहू म्हणूनच बांधल्या गेल्या, पण १९४३-४४ मध्ये त्यांचे रूपांतर पूर्ण अर्थाने हलक्या विमानवाहू नौकांत झाले. इथे मात्र कप्पाच बदलतो, कारण जहाजाचा मुख्य उद्देशच बदलला. अकित्सु मारूला डेक रुंद होऊनही आपण हलवले नाही आणि चितोसेला हलवले, यामागचा नियम एकच आहे: उद्देश बदलला तर कप्पा बदलावा, क्षमता वाढली तर केवळ रकाना बदलावा. नौदलाने १९४४ पासून रणगाडे उतरवणारी, तोंडाकडून उघडणारी जी जहाजे बांधली, त्यांपैकी काही भूदलानेही वापरली; त्यांवर विमाने नव्हती, म्हणून ती या मार्गदर्शनाबाहेर आहेत.

नावांच्या सारखेपणामुळे होणाऱ्या चुका वेगळ्या सांगितल्या पाहिजेत, कारण देवनागरी सूचीत त्या अधिक होतात. अकित्सु मारू आणि अकित्सुशिमा वर्णानुक्रमात लागोपाठ येतात. अकित्सुशिमा ही नौदलाची उडत्या बोटींना, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या मोठ्या विमानांना, आधार देणारी नौका होती आणि २४ सप्टेंबर १९४४ रोजी फिलिपिन्समधील कोरोन उपसागरात बुडाली, जिथे आज पाणबुडे तिचे अवशेष पाहायला जातात. कुमानो ही नौदलाची क्रूझर होती, कुमानो मारूशी तिचा संबंध नाही. ऱ्युजो ही नौदलाची विमानवाहू नौका, पण ऱ्युजो मारू हे शिन्शू मारूला गुप्ततेसाठी दिलेले एक टोपणनाव. त्यामुळे जुन्या नोंदीत ऱ्युजो मारू दिसले तर स्वतंत्र जहाज न समजता शिन्शू मारूकडे निर्देश करावा. सर्वांत फसवी जोडी ह्युगा आणि ह्युगा मारू यांची आहे. ह्युगा मारू हे भूदलाचे बोटीवाहू जहाज. ह्युगा ही नौदलाची युद्धनौका, जिच्या मागच्या भागावर १९४३ मध्ये डेक आणि कॅटापल्ट बसवले गेले आणि तिच्याही डेकवर विमान उतरवून घेण्याची सोय नव्हती. म्हणजे विमानांच्या रकान्यातही दोघींची सरमिसळ होण्याचा धोका आहे. उपाय सरळ आहे. प्रत्येक जपानी नावाचे एकच देवनागरी लेखन ठरवून ते सर्वत्र वापरावे, ऱ्हस्व-दीर्घाचे पर्याय संदर्भनोंद म्हणून द्यावेत, आणि नावापुढे मालकी व पूर्ण झाल्याचे वर्ष लिहिल्याशिवाय कोणतेही नोंदपत्र पूर्ण मानू नये.

बुडण्याच्या तारखेकडेही तितक्याच सावधपणे पाहावे. १ मार्च १९४२ च्या पहाटे जावाच्या बांतेन उपसागरात मोगामी या जपानी क्रूझरने शत्रूच्या जहाजांवर सोडलेले टॉर्पेडो स्वतःच्याच वाहतूक जहाजांना लागले आणि त्यांत शिन्शू मारू बुडाले. त्यावर असलेले लेफ्टनंट जनरल हितोशी इमामुरा यांना समुद्रात उडी घ्यावी लागली. उथळ पाण्यातून हे जहाज नंतर वर काढले, दुरुस्त केले आणि पुन्हा कामाला लावले. ३ जानेवारी १९४५ रोजी फॉर्मोसाजवळ (आजचे तैवान) अमेरिकी विमानांनी आणि ॲस्प्रो पाणबुडीने त्याचा अंत केला. १९४२ ची तारीख घेऊन केलेल्या याद्यांत त्याचे पुढचे जवळजवळ तीन वर्षांचे काम गायब होते. म्हणून ‘बुडाले’ आणि ‘कायमचे गमावले’ हे वेगळे लिहावे.

आकड्यांच्या बाबतीत एकच सूचना. अकित्सु मारूचे वजन कुठे ९,१८६ टन तर कुठे ११,८०० टन असे आढळते, आणि दोन्ही आकडे बरोबर असू शकतात. पहिला आकडा व्यापारी जहाजांसाठी वापरला जाणारा ग्रॉस टन आहे, जो वजन नसून जहाजातील बंदिस्त जागेचे माप आहे. दुसरा जहाजाने दूर सारलेल्या पाण्याचे वजन सांगतो, जसे युद्धनौकांसाठी देतात. भूदलाची ही जहाजे व्यापारी बांधणीतून आल्यामुळे दोन्ही मापे त्यांना लागू होतात. आकडा लिहिताना मापाचे नाव लिहिलेच पाहिजे. माप न सांगणारा आकडा नोंदीत घेऊ नये, आणि दोन जहाजांची तुलना करताना दोघांचे एकच माप वापरावे.

आता छायाचित्राकडे वळता येईल. वरील प्रश्नांची उत्तरे हाताशी असताना छायाचित्र पाहणे आणि छायाचित्रावरून उत्तरे शोधणे यांत फार फरक आहे. उंच पेटीसारखी मधली बांधणी आणि पुढे मोकळी जागा असेल, उड्डाण डेक नसेल, तर शिन्शू मारूचा विचार करावा. सपाट डेक असेल तर आधी जहाजाचा मागचा भाग पाहावा. पाण्याच्या पातळीजवळ रुंद, दरवाजासारखी सपाट रचना दिसते का, हे तपासावे. मग डेकवरच्या विमानांकडे पाहावे. पंख दुमडलेली, एकमेकांना चिकटून बांधलेली, डेकची सारी लांबी अडवणारी विमाने असतील तर ती माल म्हणून चालली आहेत, कारण तशा डेकवरून काहीच उडू शकत नाही. मागचा अर्धा भाग मोकळा आणि पुढे मोजकीच हलकी विमाने असतील तर उतरणीची शक्यता धरावी, आणि छायाचित्राची तारीख १९४४ च्या आधीची असेल तर ती शक्यता पुन्हा सोडून द्यावी.

या जहाजांना आजच्या संज्ञा लावण्याचा मोह मात्र आवरावा. भारतीय नौदलातील जलाश्वसारखे जहाज किंवा अमेरिकेची हेलिकॉप्टरे आणि बोटी एकत्र नेणारी मोठी उभयचर जहाजे पाहिली की अकित्सु मारू हे त्यांचे पूर्वज होते असे वाटते, आणि कल्पनेच्या पातळीवर ते खोटे नाही. पण आजच्या जहाजावरचे हेलिकॉप्टर सैनिकांना किनाऱ्यावर नेते आणि परत येते, तर अकित्सु मारूच्या मूळ आखणीतील विमानाला परत येण्याची सोयच नव्हती. नोंदपत्राच्या मुख्य शीर्षकात ‘भूदलाचे बोटीवाहू जहाज’ असे लिहावे, त्याखाली कोऊ, ओत्सु किंवा हेई प्रकार द्यावा, त्याखाली विमानांचे तीन रकाने त्यांच्या तारखांसह भरावेत, आणि आधुनिक जहाजांशी असलेले साम्य द्यायचेच असेल तर ते शेवटच्या टीपेच्या ओळीत ठेवावे.